ओढा जवळ आहे, मग सहल लांब कशाला?

दिवाळी झाली की शाळांमध्ये सहलीचं वारं सुरू होतं आणि आमच्याकडे पत्रंही त्याचीच यायला लागतात. यावेळी मुलांना निसर्ग शिकवायला बाहेर न्यायचं तर कुठे, कसं आणि किती, यावरची पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकलेत. मी 22 वर्षं शाळेतल्या मुलांना टेकड्या, ओढे, किनारे फिरवतेय, त्यातून जे कळलं ते सांगते.

प्रश्न: ताई, मी भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चौथी-पाचवी मिळून 34 मुलं आणि आम्ही दोन शिक्षक. एसटी सवलतीत मिळते तरी बाकीचा खर्च असतोच, पैसे जमत नाहीत आणि सहल दरवर्षी रद्द होते. शाळेमागे दहा मिनिटांवर ओढा आहे, पण तिथे नेते म्हटलं की पालक म्हणतात ही कसली सहल, तिथे तर आमची म्हसरं पाणी पितात. काय करू? (एक शिक्षिका)

बाई, ओढा सोडू नका. तुमच्या वर्गाच्या विषयाचं नावच परिसर अभ्यास आहे, आणि दहा मिनिटांवर वाहतं पाणी असणं म्हणजे काय ते शहरातल्या शिक्षकांना विचारा, मी पुण्यातल्या मुलांना असं पाणी दाखवायला दोन तास बसने नेलंय.

फक्त एक करा, एकदाच जाऊ नका. तीनदा जा, त्याच जागी. पहिल्यांदा नवरात्राच्या आसपास, पाणी निवळलेलं असतं आणि धारही असते. मग डिसेंबरात. मग होळीच्या आधी, तेव्हा बहुतेक ओढ्यांचं डबकं झालेलं असतं किंवा तळ उघडा पडलेला असतो, आणि तोच सगळ्यात मोठा धडा असतो कारण मुलांनी त्याच दगडावर उभं राहून गुडघाभर पाणी बघितलेलं असतं. एकदाच गेलेल्या मुलाला ओढा दिसतो, तीनदा गेलेल्याला तो बदलताना दिसतो.

सामान घरचंच लागतं. पिठाची जुनी चाळण, आइस्क्रीमचा पांढरा डबा, दोन-तीन भिंगं, वीतभर अंतरावर खुणा केलेली काठी, सुतळी. सुतळीने दहा मीटर मोजायचे, वरच्या टोकाला वाळक्या काटकीचा तुकडा सोडायचा आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंत सेकंद मोजायचे, झाला वेग. पाचवीतली मुलं भागाकार करतात, तो भागाकार इथे करू द्या. रुंदी पावलांनी, खोली काठीने. नवरात्रातले आकडे वहीत लिहून ठेवले की डिसेंबरातले आकडे बघून मुलं स्वतःच विचारतात पाणी गेलं कुठे, तुम्हाला विचारायची गरजच पडत नाही.

मग पाण्यातले जीव. धार असेल तिथला एखादा दगड हळूच हलवायचा, खालच्या बाजूला चाळण धरायची, चाळणीत येईल ते डब्यातल्या पाण्यात सोडायचं आणि पांढऱ्या तळावर काय वळवळतंय ते बघायचं. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले आणि मागे बहुतेकदा तीन शेपट्या असलेली पिल्लं दिसली तर ती मे फ्लाय या कीटकाची, त्यांना स्वच्छ आणि भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. बारक्या खड्यांची नळी करून आत राहणारी अळी सापडली तर मुलं तासभर हलत नाहीत. आणि फक्त लाल अळ्याच सापडायला लागल्या तर समजायचं पाण्यात घाण वाढलीये आणि ऑक्सिजन कमी झालाय, कारण त्या अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या तशा पाण्यातही तग धरतात. लालपणा त्याचाच. बघून झालं की सगळे जीव परत पाण्यात, आणि दगड होता तसा त्याच अंगाने परत ठेवायचा, हे पहिल्या दिवसापासून. पाणी तोंडात घालायचं नाही आणि वर आल्यावर साबणाने हात, हेही.

राहिली पालकांची गोष्ट. जे म्हणतात आमची म्हसरं तिथे पाणी पितात त्यांनाच बरोबर न्या. त्यांना माहीत असतं की पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकायचं, कुठे डोह होता, कुठले मासे मिळायचे. मळ्या, मुऱ्या, वांब, कोळस ही नावं मुलांनी त्यांच्याकडून लिहून घ्यायची. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या नद्यांचे मासे गोळा केले आणि 1839 साली त्यांची वर्णनं छापली, तेव्हा शास्त्रीय नावं देताना त्याने इथल्या माणसांच्या तोंडचीच नावं घेतली, म्हणून मळ्या जगभर ‘गारा मुल्या’ झाला आणि कोळसाच्या नावात अजून ‘कोलस’ आहे. ही गोष्ट त्या पालकांना मुलांसमोर सांगा, पुढच्या वेळी ते स्वतःहून येतील. आणि तुमच्या ग्रामपंचायतीकडे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, असायला हवी, जैवविविधता कायदा 2002 चा आहे, त्याखाली गावोगावी समित्या आणि नोंदवह्या करायच्या असतात. ती मागून बघा. ओढ्यातलं काही त्यात नसेल तर मुलांची यादी सरपंचांना नेऊन द्या.

34 मुलांना एकदम पाण्याशी नेऊ नका बरं का. निम्मी मुलं वर झाडाखाली, एका शिक्षकाबरोबर चित्रं काढत आणि आवाज ऐकत, निम्मी खाली. अर्ध्या तासाने अदलाबदल.

प्रश्न: माझी मुलगी ठाण्यातल्या एका शाळेत सातवीत आहे. शाळेने ‘पर्यावरण शिबिर’ म्हणून दोन दिवसांची ट्रिप काढलीये, साडेचार हजार रुपये. पत्रक बघितलं तर झिपलाइन, रेन डान्स, डीजे, कॅम्पफायर आणि एक तास ‘नेचर वॉक’. पाठवू का? मुलीला जायचंय. (एक पालक)

मैत्रिणींबरोबर दोन दिवस राहायला मिळणं ही सातवीतल्या मुलीसाठी मोठी गोष्ट असते, तेवढ्यासाठी पाठवायचं असेल तर पाठवा. पण पर्यावरण शिबिर म्हणून पाठवत असाल तर आधी शाळेला विचारा. त्या एका तासात मुलांबरोबर कोण असणार, त्या माणसाला तिथली झाडं-पक्षी माहीत आहेत का, एका माणसामागे किती मुलं, आणि परत आल्यावर वर्गात त्याचं पुढे काय होणार. उत्तरं मिळाली नाहीत तर पालक सभेत हा विषय काढाच. रात्री जंगलाच्या कडेला डीजे लावून त्याला पर्यावरण म्हणणं मला पटत नाही, घुबडं त्याच वेळी आवाजावर शिकार करत असतात, रातवे एकमेकांना साद घालत असतात, आणि मुलं घरी हे शिकून येतात की जंगल म्हणजे मोकळी जागा, कितीही ओरडा.

आणि तुम्ही ठाण्यात राहता हो! ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून दर्जा 2015 चा आहे आणि 2022 पासून ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे. ऐरोलीला किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिथे खारफुटी जवळून बघता येते, चिखलातून वर आलेली श्वासमुळं, पानांवर साठलेलं मीठ. पान चाटून बघायला सांगा, कुठलंही मूल ते विसरत नाही. पलीकडे येऊरचं जंगल. माहीम-धारावीच्या मध्ये मिठी नदीच्या काठाला महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ते तर एकेकाळी मुंबईचं कचऱ्याचं डंपिंग ग्राउंड होतं, त्यावर झाडं लावून 1994 साली ते उघडलं. सातवीच्या मुलांना तिथे नेऊन पायाखाली काय आहे ते सांगितलं की घरच्या कचऱ्यावर वेगळं भाषण लागत नाही. साडेचार हजारात यातल्या प्रत्येक जागी वर्षातून दोनदा जाणं होईल आणि पैसे उरतील.

प्रश्न: रत्नागिरीजवळच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. आठवीच्या मुलांना खडकाळ किनाऱ्यावर नेलं होतं, पण पोचलो तेव्हा भरती, काहीच दिसलं नाही, मुलं वाळूत क्रिकेट खेळून परत आली. वेळ कशी ठरवायची? (एक शिक्षक)

सर, याचं उत्तर तुमच्या वर्गातल्या कोळ्याच्या पोराला पाठ असेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती, आणि तिथून सव्वासहा तास मागे गेलं की सकाळी पावणेनऊला ओहोटी. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या.

आता यात एक अडचण आहे. पाणी सगळ्यात लांब जातं ते पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, पण त्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, शाळेला दोन्ही वेळा गैरसोयीच्या. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा वाजता येते, वेळ सोयीची पण भांगाची ओहोटी असते, पाणी पुरेसं मागे सरत नाही. म्हणून मी नेहमी द्वितीया-तृतीया धरते. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी सव्वासात ते आठच्या दरम्यान मिळते. तिथीचा हिशेब अंदाजाचा आहे, तारीख ठरवताना बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. ओहोटीच्या दीड तास आधी खडकावर उतरायचं आणि पाणी फिरलं की वीस मिनिटांत सगळी मुलं वर. यात सवलत नाही.

खडकावर सगळं एकदम दाखवायला जाऊ नका. एका गटाला पावलाएवढं एकच डबकं द्या आणि पंधरा मिनिटं तिथून उठू नका म्हणा. पहिली पाच मिनिटं मुलं म्हणतात काही नाहीये. मग शंख चालायला लागतो आणि कळतं आत खेकडा आहे, मग फुलासारखं दिसणारं समुद्रफूल हळूच मिटतं, मग एवढासा मासा दगडाच्या रंगाचा होता ते दिसतं. शंख हाताळू द्यायचे नाहीत, कोन शंखाच्या आतल्या गोगलगायीला विषारी काटा असतो आणि मुलांना तो शंख सुंदर दिसतो म्हणून तोच उचलतात. जेलीफिश वाळूत मेलेला दिसला तरी हात नाही.

आणि कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडायला येणाऱ्या बायका असतात ना, त्यांच्यातल्या एकीला बोलवा. कुठल्या खडकावर कालवं धरतात, कुठल्या महिन्यात काढायची नाहीत, तिसऱ्या (शिंपल्या) वाळूत कुठे दडतात हे त्यांना वर्षानुवर्षांच्या कामातून माहीत आहे. त्यांना पाहुण्या शिक्षिका म्हणून मुलांसमोर उभं करा आणि त्यांचा दिवस मोडतो त्याचे पैसे द्या, शाल-नारळावर भागवू नका.

प्रश्न: नातू सहावीत आहे, जुन्नरकडे राहतो. शाळा दर महिन्याला मुलांना टेकडीवर नेते म्हणे. बिबट्या, साप, मधमाश्या... मला तर झोप लागत नाही. नाही म्हणू का? (एक आजोबा)

आजोबा, काळजी वाटणारच. पण घाबरायचं कशाला आणि किती, ते आधी बघू.

मुलांच्या सहलीत खरी भीती पहिली रस्त्याची आणि दुसरी पाण्याची. 2016 साली मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजची मुलं बुडाली, तो दिवस आमच्यासारख्या लोकांच्या मनातून जात नाही. त्यामुळे धरण, डोह, समुद्र असेल तिथे पोहणं नाही, आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस नसेल तर मी तरी निघत नाही. मुलांच्या जोड्या लावायच्या, शिट्टी झाली की जोडीदाराचा हात वर. साधी गोष्ट आहे पण मोजणी दहा सेकंदांत होते.

तिसरी मधमाश्यांची, आणि ही लोक हलक्यात घेतात. टेकडीच्या कड्यांना, किल्ल्यांना, पाण्याच्या टाक्यांना आग्या मोहोळं असतात. जायच्या आधी शिक्षकांनी जागा बघून यायला पाहिजे, धूर करायचा नाही, दगड मारायचे नाहीत, अत्तर-सेंट लावून जायचं नाही. उठल्याच तर डोकं-तोंड ओढणीने, दप्तराने झाकून पळायचं, पाण्यात उडी मारायची नाही. काटे नखाने लगेच खरवडून काढायचे. श्वास लागला, तोंड सुजलं किंवा खूप डंख झाले तर थेट हॉस्पिटल.

साप आपली चाहूल लागली की बहुतेक वेळा निघून जातो. बूट, पूर्ण पँट, आणि दिसत नाही तिथे हात घालायचा नाही एवढं पाळलं तर पुष्कळ झालं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं आणि चित्रं नातवाला पाठ करवा. चावलाच तर चिरा नाही, दोरी नाही, मांत्रिक नाही, हात-पाय न हलवता 108 ला फोन आणि सरकारी दवाखाना, विषावरचं औषध तिथे मिळतं.

बिबट्याचं तुमच्या भागात खरंच आहे, उसात त्याचा वावर असतो. म्हणून उन्हं वर आल्यावर निघून चारच्या आत परत, उसाच्या कडेची वाट नाही, मुलं घोळक्याने आणि बोलत चालणार, शेवटी मोठं माणूस, आणि कुणालाही आडोशाला एकटं सोडायचं नाही. जिथे नुकताच वावर दिसलाय तिथे वन खात्याला विचारल्याशिवाय जायचंच नाही. हे सगळं शाळा करते का ते एकदा जाऊन विचारा. करत असेल तर नाही म्हणू नका, उलट तुम्हीच एकदा बरोबर जा. एक मोठं माणूस वाढेल.

प्रश्न: मी आठवीत आहे, नागपूरला. आमची शाळा ताडोबाला गेली होती. वाघ दिसलाच नाही, सगळे रडकुंडीला आले. मग गेलो कशाला? (एक विद्यार्थी)

बाळा, वाघ न दिसण्याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण तुम्हाला जायच्या आधी कुणी काय बघायचं ते सांगितलं नाही, चूक तिथे झाली.

ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि नाव तारू या गोंडांच्या देवावरून पडलं असं तिथले लोक सांगतात. पुढच्या वेळी गाडी थांबली की कान लाव. माकडं झाडावरून खक-खक करून एकाच दिशेला बघत असतील किंवा सांबर ढोंक करून ओरडलं तर वाघ-बिबट्या जवळपास आहे, तुला दिसो न दिसो, आख्खं जंगल त्याची बातमी देत असतं. मग ऐनाचं झाड बघ, साल मगरीच्या पाठीसारखी असते. पांढरं गुळगुळीत खोड असलेलं कांडोळ, लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. वाळवीचं वारूळ. आणि मार्च-एप्रिलमध्ये गेलास तर मोहाची फुलं, रात्रभर गळतात, पहाटे आजूबाजूच्या गावातल्या बायका वेचायला जातात आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात, त्यामुळे त्या दिवसांत तिथे माणसावर हल्ले होतात. तू ज्या जंगलात फिरायला जातोस त्यावर कुणाचं तरी घर चालतं, हे गाइडला विचार, बहुतेक गाइड त्याच गावांतले असतात, ते वाघापेक्षा जास्त सांगतील. वहीत लिही आणि मला पाठव, नक्की वाचीन.

प्रश्न: माझा मुलगा व्हीलचेअर वापरतो, सांगलीला सहावीत आहे. निसर्ग सहलीच्या दिवशी शाळा म्हणते त्याला घरी ठेवा. तो काही बोलत नाही, पण आदल्या रात्री जेवत नाही. (एक आई)

ताई, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. पहिलं म्हणजे शाळेला असं म्हणायचा हक्क नाहीये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीच्या संधीही इतर मुलांसारख्याच द्यायच्या असं आहे. हे शांतपणे पण लेखी सांगा.

दुसरं, शिक्षकांना बहुतेकदा सुचत नाही म्हणून ते नाही म्हणतात, तर त्यांना हे सुचवा. जागा सपाट निवडायची, कृष्णाकाठचा पक्का रस्ता, एखादं मोठं देवळाचं आवार, शाळेचं मैदानसुद्धा. सगळ्या वर्गाने तिथेच जायचं, त्याच्यासाठी वेगळं काही नको. झाडाच्या खोडावर करड्या-हिरव्या पापुद्र्यासारखं काही वाढलेलं असतं ना, ते दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यातलं त्याचंच भावंड. बुरशी आणि शेवाळ मिळून झालेला तो जीव आहे आणि हवेतला गंधकाचा धूर त्याच्या बऱ्याच जातींना सोसत नाही. हायवेच्या कडेच्या झाडावर किती आणि देवळातल्या झाडावर किती, हे खोडाला वीतभर चौकटी धरून मोजायचं असतं, आणि ते मोजायची उंची बरोबर खुर्चीत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येते. त्याला मोजणीचा प्रमुख करा.

दुसरा खेळ आवाजाचा नकाशा. कागदाच्या मध्ये टिंब, ते आपण. दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि जिकडून आवाज आला तिकडे खूण करायची, कोतवाल, सातभाई, टिटवी, ट्रक, पानांची सळसळ. यात पळणाऱ्या मुलाला काही जास्त मिळत नाही. माझ्या एका गटात खुर्चीवरचीच एक मुलगी होती, ती सगळ्यात आधी शिंजीर ओळखायची, कारण बाकीची मुलं पोचेपर्यंत ती नेहमी गप्प बसून ऐकत असायची. वर्ष संपेपर्यंत मुलं तिला विचारल्याशिवाय पक्ष्याचं नाव वहीत लिहीत नव्हती.

हे पत्र कापून शाळेत दाखवलंत तरी चालेल. आणि पुढच्या सहलीला तो गेला की कळवा, खोडावर किती चौकटी भरल्या तेही.